शेवटच्या बटणाच्या डावीकडे

मेनूवाल्याइतका भित्रा माणूस शोधून सापडला नसता. गॅस बंद केला का, ते बघायला तो अर्ध्या जिन्यावरून परत यायचा आणि पुन्हा खाली उतरला की कुलूप लावलं का, ते बघायला परत वर चढायचा. बायको त्याला भित्री भागूबाई म्हणायची. तो निमूट ऐकून घ्यायचा, कारण खोटं काय होतं त्यात?

मेनूवाला म्हटल्यावर नवीन माणसाला वाटे, हा हॉटेलात असतो. तसं नव्हतं. लोक घरच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटी आणून देत आणि हा त्यांच्या डीव्हीडी करून देई. डिस्क लावल्यावर पडद्यावर जे पहिलं पान येतं, तो मेनू. मागे त्या घरातलाच एखादा फोटो, मंद संगीत आणि नावांची बटणं: लग्न, सहल, पहिला वाढदिवस. रिमोटवरचा बाण दाबावा तसं एकेक बटण पिवळं होत जातं. बाकीचे दुकानदार तयार नमुना चिकटवून मोकळे होत. हा मात्र घरात कुणाला कमी दिसतं, कुणाचा हात कापतो, याची चौकशी करून अक्षरं लहानमोठी करी. एका बटणाच्या रंगावर त्याची अख्खी सकाळ जाई.

त्याची एक खोड मात्र बायकोलाही ठाऊक नव्हती. कॅसेट देताना लोक सांगत, एवढा भाग काढून टाका. कुठे भर समारंभातलं भांडण, कुठे मोडलेल्या लग्नातली नवरी, कुठे नकोसा झालेला भाऊ. हा मान डोलवी, पण पुसायला त्याचा हात धजत नसे. पुसलं की गेलं. उद्या त्यांनीच मागितलं तर आणायचं कुठून? मग तो तुकडा तो त्याच डिस्कवर ठेवून देई आणि मेनूच्या शेवटच्या बटणाच्या डावीकडे आणखी एक बटण करी. त्याला ना नाव, ना रंग. बाण डावीकडे नेऊन मधली कळ दाबली, तरच ते उघडे. जिथे काही दिसतच नाही तिथे जाणार कोण, अशी त्याची समजूत होती. एखाद्या शूर माणसाने केलं नसतं ते धाडस हा गृहस्थ भीतीपोटी वर्षानुवर्षं करत आला होता.

एका दुपारी हेडमास्तरांचा फोन आला. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी त्यांचा आवाज वर्गाबाहेर उभं करणाराच होता.

"तुमच्या डिस्कमध्ये काहीतरी आहे. घरी या. आत्ता."

मेनूवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. ती डिस्क त्याला चांगलीच आठवत होती. हेडमास्तरांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसासाठी केलेली. दुकानात खुर्चीवर ताठ बसून त्यांनी बजावलं होतं, "धाकट्याचा एकही क्षण नको. मला एकच मुलगा आहे." धाकटा बापाशी भांडून घरातून गेला होता, तो पुन्हा फिरकला नव्हता. तेव्हापासून त्या घरात त्याच्याबद्दल कुणी ब्र काढत नसे.

तो निघाला खरा, पण रस्त्यात एकेक शंका येऊ लागली. हेडमास्तर चारचौघांत बोलले तर? लोक आपलं घरदार विश्वासाने त्याच्या हाती देत होते. हा काढलेलं सगळं ठेवून देतो, हे एकदा कळलं की त्याच्या दुकानाची पायरी कोण चढणार? आणि ही तर एकच डिस्क. गल्लीतल्या प्रत्येक खिडकीकडे बघताना त्याला वाटत होतं, आतल्या कपाटात आपली एक डिस्क आहे, आणि आत्ता कुणीतरी रिमोट उचलतंय. मागे वळावं, दुकान बंद करून गावच सोडावं, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. पण हेडमास्तरांनी 'आत्ता' म्हटलं होतं, आणि न जाण्याचीही त्याला तेवढीच भीती वाटत होती.

दार हेडमास्तरांच्या बायकोने उघडलं. ती आतल्या दारापाशी स्टुलावर जाऊन बसली आणि पुढ्यातल्या शेंगा सोलू लागली. टीव्हीवर मेनू चालू होता.

"बसा," हेडमास्तर म्हणाले. हा उभाच राहिला.

"काल मी ते शेवटचं, 'नवं घर', बघायला गेलो. हात थरथरतो माझा. कुठली कळ दाबली गेली, कळलं नाही. तो दिसला."

"कोण?" मेनूवाल्याने विचारलं, आणि विचारल्याबरोबर त्याला स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटलं.

"सर, चुकलं माझं," तो भरभर बोलू लागला. "आजच्या आज दुसरी करून देतो. ही परत द्या. मोडून टाकतो तुमच्यासमोर. फक्त कुणाला सांगू नका, सर. माझं दुकान..."

"सकाळपासून शोधतोय," हेडमास्तर म्हणाले. "पुन्हा सापडतच नाही."

हे रागावलेल्या माणसाचं बोलणं नव्हे, हे मेनूवाल्याच्या डोक्यात शिरायला जरा वेळ लागला. त्याने रिमोट घेतला. शेवटचं बटण. डावीकडे. पडद्यावरचा पिवळा रंग नाहीसा झाला. त्याने मधली कळ दाबली.

अर्धवट रंगवलेली भिंत. स्टुलावर चढलेला धाकटा, नाकाला रंग लागलेला. "बाबा, नुसतं काय शूटिंग करताय? ब्रश घ्या की हातात," तो म्हणत होता. कॅमेऱ्यामागून कुणीतरी मोठ्याने हसलं आणि हसण्याबरोबर सगळं चित्र हललं.

"तुम्ही हसताय ते," हेडमास्तरांची बायको म्हणाली. शेंगा तिच्या हातात तशाच राहिल्या होत्या.

तुकडा संपला, मेनू परत आला. हेडमास्तरांनी पडद्यावरच्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवलं.

"हे बटण मला दिसेल असं करून द्या."

"देतो, सर." मेनूवाला जरा घुटमळला. नावाशिवाय दिसणारं बटण करता येत नाही. "त्यावर लिहू काय?"

हेडमास्तरांचा चेहरा पाहून मेनूवाल्याला वाटलं, विचारायला नको होतं.

"धाकटा," त्यांची बायको दारातून म्हणाली.

हेडमास्तर तिच्यावर ओरडतील म्हणून मेनूवाल्याने अंग चोरलं. ते ओरडले नाहीत.

"तेच लिहा," ते म्हणाले. "आणि सगळ्यांत वर घ्या. त्याला शोधत बसायला आता माझ्याकडे वेळ नाही."