गाणं टाकायचं नाही

दुपारचं जेवण अंगावर आलंय, आणि अजिबात झोपायचं नाही असं ठरवून सगुणाबाई खुर्चीत बसल्या आहेत.

समोर टीव्ही, टीव्हीखाली नवऱ्याचा जुना व्हीसीआर, आणि तिथून निघालेल्या वायरी टेबलावरच्या लॅपटॉपला जोडलेल्या. कॅसेट चालू आहे. कॅसेट जेवढी लांब, तेवढाच वेळ ती लॅपटॉपात उतरायला लागतो. ढकलून लवकर होत नाही, हे सुनेनं, उज्ज्वलानं, सकाळीच समजावून सांगितलंय.

"म्हंजे भातासारखंच की," सगुणाबाई म्हणाल्या होत्या. "सारखं झाकण काढून बघायचं नाही."

उज्ज्वला दळण आणायला गेली आहे. जाताना बजावून गेली, "आई, कॅसेटला बुरशी धरलीवती. स्पिरिटनं पुसून कशीबशी चालती केलीय. परत चालंल असं वाटत नाही. कशाला हात लावू नका."

"दुसरीतनं घरी बसवलेली बाई मी. हात लावाया मला येतंय का काय?"

पण राखणीला त्याच बसल्या आहेत, आणि त्याला कारण आहे. कॅसेट शशिकांतच्या आणि उज्ज्वलाच्या लग्नाची. बार्शीत त्या काळी कुणाचंही लग्न असो, खांद्यावर कॅमेरा घेऊन उभे असायचे ते मालकच. नवऱ्याला सगुणाबाई जन्मभर मालकच म्हणत आल्या. पोटच्या पोराच्या लग्नातही त्या माणसाला कॅमेरा दुसऱ्याच्या हातात देववला नाही. त्यामुळं अख्ख्या कॅसेटीत नवरदेवाचा बाप कुठंच नाही. देवक बसवताना जोडीनं बसायचं, तर एका पाटावर सगुणाबाई आणि शेजारचा पाट रिकामा. मालक दिसत नाहीत, फक्त ऐकू येतात. ओरडतात, खोकतात, भटजीशी हुज्जत घालतात.

आणि सकाळी शशिकांत म्हणाला, तो आवाज काढून टाकू. डीव्हीडीवर पहिल्यापासून शेवटपर्यंत चांगली गाणी टाकू. उज्ज्वलाच्या माहेरी एक द्यायचीय, लेकीच्या सासरी एक द्यायचीय. "आप्पांचा खोकला अन् शिव्या कशाला ऐकवायच्या लोकांना?"

"लोकांनी कान झाकावेत."

"आई, अगं आप्पांनीच सगळ्या गावाच्या कॅसेटींवर गाणी टाकली की."

"गावाच्या टाकली. घरच्या टाकली का?"

घरची कॅसेट गाणी टाकायला, मिक्सिंगला न्यायला मालकांना कधी सवडच झाली नाही, म्हणून तर तो आवाज राहिलाय. मालक गेल्यावर तो दुसरीकडं कुठं राहिलेला नाही. शशिकांत दुकान बंद करून आला की गाणी टाकायला बसणार आहे. सगुणाबाईंनी त्याला सांगून ठेवलंय, मी जागी हाय. ये तू.

टीव्हीतून मालक म्हणतात, "इकडं बघ. पदर नीट घे. हां."

सगुणाबाई पदर नीट घेतात. पंख्याचा वारा जड झालाय. त्या डोळे जरासे मिटतात, चुरचुरतात म्हणून.

"हालू नको," मालक म्हणतात.

"हालतंय कोण? पायाला मुंग्या आल्यात इथं."

खाली खुर्ची नाही, पाट आहे. मांडवाचे खांब स्वयंपाकघराच्या फरशीतून वर निघालेत आणि त्यांना बांधलेल्या केळीच्या पानांवरून पाणी ठिबकतंय, थेट गॅसच्या शेगडीवर. समोर हॅलोजनचा पांढरा उजेड, डोळ्यात खुपणारा. उजेडाच्या पलीकडं मालक उभे. त्यांचे गुडघे दिसतात, इस्त्रीची विजार दिसते. वरचं काही दिसत नाही.

"जरा वर बघ. हस की."

"कुणाकडं बघून हसू? तुम्ही दिसताय कुठं?"

"मी कशाला दिसायचा? शूटिंग चाललंय."

"मरून गेलात तरी शूटिंगच?"

उजेड सरकतो, आणि सगुणाबाई मालकांच्या व्हिडिओच्या दुकानात उभ्या असतात. भिंतभर कॅसेटी. प्रत्येक कॅसेटीच्या आतून हळू आवाजात गाणं येतंय, आणि सगळ्यांतून एकच. गावच्या शंभर नवऱ्यामुली आत बसून एकाच सुरात गुणगुणत असाव्यात तसं. कान लावला तर गाण्याच्या खालून दुसरंही काही येतंय. कुणाची तरी आई रडतेय. कुणाचा तरी आजा नातीला हाक मारतोय. नीट ऐकू येत नाही.

"ही काय करून ठेवलीत माणसं?"

"गिऱ्हाइकाला गाणंच आवडतं," मालक म्हणतात. ते आता काउंटरच्या मागं आहेत, मान खाली घालून कॅमेऱ्याची काच पुसताहेत. टक्कल तेवढं दिसतं. "गाणं टाकलं की सगळं झाकतं. रडारड झाकती, भांडणं झाकत्यात. माझा खोकला झाकंल. पोरगं बरोबर बोलतंय, टाकू दे त्याला."

"झाकायला तो काय फाटका सदरा हाय?"

"लोकांना ऐकाया बरं वाटत नाही गं."

"लोकांचं कौतुक मला सांगू नका. रात रात उठून पाठ मी चोळली. त्या खोकल्यावर हक्क माझा हाय. माझ्या घरात, माझ्या पोराच्या लग्नात कुणाचा आवाज राहील ते मी ठरवीन. अन् तुम्ही गप बसा गं!"

शेवटचं त्या कॅसेटींना म्हणतात. भिंत गप होते. एकदम सगळी.

त्या शांततेत मालक खोकतात. तोच खोकला, आधी कोरडा, मग छातीच्या तळातून ओढलेला.

"पाणी प्या आधी," सगुणाबाई म्हणतात आणि तांब्या घ्यायला वळतात, तर पुन्हा मांडव. पाहुण्यांच्या खुर्च्या एसटी स्टँडवर मांडल्यागत लांबवर लागल्यात, आणि एकीवरही माणूस नाही. सोवळं नेसलेले भटजी पाठमोरे बसलेत. दोन पाट. एक रिकामा.

"बसा इथं."

"मग कॅमेरा कोण धरणार?"

सगुणाबाई उठतात. सरळ जाऊन मालकांच्या खांद्यावरचा कॅमेरा काढून घेतात. केवढं धूड! हे वागवत माणूस सगळी लग्नसराई उभा राहायचा. त्या डोळा लावून बघतात. आत मांडव निळा दिसतो, आणि त्या निळ्यात दोन पाट, आणि आता दोन्ही रिकामे.

"बघ," मालक हसतात. "कुणीतरी एक बाहेर राहतंच."

"का म्हणून राहतंय? कुणी सांगितलं?"

त्या इकडंतिकडं बघतात. तांदळाची कोठी आहे, मांडवाच्या मधोमध, कुणी आणली देव जाणे. तिच्यावर त्या कॅमेरा ठेवतात, तोंड पाटांकडं करून. लाल दिवा लागलेला राहतो. मग मालकांचं मनगट धरतात. मनगट उबदार आहे, हाडं तीच.

"भटजींना काय वाटंल, गं?"

"भटजी जेवायला आलाय. तुम्ही बसा."

"मला तिकडं बघता येत नाही. तोंड कसं करू?"

"हाय तसं करा. बसा म्हणते ना!"

मालक कॅमेऱ्याकडं बघतात, मग त्यांच्याकडं. जन्मात कुणाचं ऐकलं नाही त्या माणसानं. ना बापाचं, ना डॉक्टरचं.

"बरं," ते म्हणतात.

आणि बसतात. त्यांचा खांदा सगुणाबाईंच्या खांद्याला लागतो. सदऱ्याला कडक इस्त्रीचा वास आहे. ते दोघं लाल दिव्याकडं बघत राहतात. मालकांना हात कुठं ठेवावेत ते कळत नाही, म्हणून ते एकदा मांडीवर ठेवतात, एकदा गुडघ्यावर.

"हालू नका," सगुणाबाई म्हणतात.

दाढ करकरल्यासारखा आवाज होतो.

व्हीसीआर. सगुणाबाई डोळे उघडतात तेव्हा उज्ज्वला पिठाचा डबा दारातच टाकून धावत आलेली असते. कॅसेट संपून आपोआप मागं फिरताना फीत गुंतली आहे. उज्ज्वला झाकण उघडते. आतून तपकिरी फितीचा चुरगळलेला गुंता निघतो, निघतच राहतो.

"गेली," उज्ज्वला म्हणते. "पण उतरली असंल आई. थांबा, बघू."

ती लॅपटॉपवर लावून बघते. चित्र आहे. आवाजही आहे, पण लांबून आल्यासारखा, घुमणारा, मध्येच पंख्याची घरघर. उज्ज्वला वाकून वायर तपासते आणि कपाळाला हात लावते. आवाजाची पिन नीट बसलीच नव्हती. लॅपटॉपनं आवाज घेतलाय तो स्वतःच्या माइकातून, खोलीतला सगळाच्या सगळा.

एवढ्यात शशिकांत येतो. चप्पल काढता काढता ऐकतो आणि तिथंच उभा राहतो.

पडद्यावर तरुण सगुणाबाई पाटावर बसल्या आहेत. मालकांचा आवाज म्हणतो, "हालू नको." आणि आत्ताची म्हातारी सगुणाबाई, झोपेत जीभ जड झालेली, त्याला म्हणते, "हालतंय कोण?"

"आई, हे तू..."

"गप. ऐकू दे."

मालक खोकतात. "पाणी प्या आधी," पडद्यातली खोली म्हणते. मधूनमधून सगुणाबाईंचं नुसतं पुटपुटणं आहे, कळत नाही. भटजी काहीतरी मंत्र म्हणतात. मग स्वच्छ, खणखणीत सगुणाबाईंचा आवाज, "बसा म्हणते ना!"

आणि लगेच, हळू, कॅमेऱ्याच्या अगदी जवळून, मालक म्हणतात, "बरं."

उज्ज्वला वळून सासूकडं बघते. शशिकांत पुढं येऊन तेवढंच पुन्हा लावतो. "बरं." पुन्हा लावतो.

"भटजींना म्हणाले असतील," तो शेवटी म्हणतो. "आई, आता कॅसेट पण राहिली नाही. हे असं घरघरणारं, मध्ये तुझं झोपेतलं बोलणं... कुणाला दाखवायचं? गाणी टाकावीच लागतील."

सगुणाबाई उठतात. गुडघे धरलेत, तरी ताठ उभ्या राहतात.

"उज्ज्वला, लग्न तुझं. तू सांग. टाकायचं गाणं?"

उज्ज्वला नवऱ्याकडं बघत नाही. कोरी डीव्हीडी घेते, लॅपटॉपच्या खणात ठेवते आणि खण आत ढकलते.

"आहे तशीच काढते, आई."

"अगं, पण लोक विचारतील ना, आप्पा कुणाला बरं म्हणतायत ते," शशिकांत म्हणतो. "काय सांगायचं त्यांना? भटजींना म्हणाले, असंच सांगावं लागंल."

"तुझा बाप," सगुणाबाई म्हणतात, "भटजीला कधी बरं म्हणाला होता?"