सुधाच्या खिडकीवरचं छप्पर

काल पश्चिमेच्या खिडकीबाहेर कॅनव्हासचं छप्पर बसवून घेतलं. नव्या कापडाचा वास आला आणि मी इथल्याच, जबलपूरच्या फॅक्टरी क्वार्टर्समधल्या एका उन्हाळ्यात जाऊन पोचले.

शेजारच्या सुधाच्या खिडकीला तिच्या बाबांनी असंच हिरवं छप्पर लावलं होतं. तिची खोली गार असायची आणि माझ्या खोलीत भिंतीला हात लावला तरी चटका बसायचा. मी इतकी जळायचे, की एका दुपारी गुपचूप जाऊन त्याची दोरीच सोडली. छप्पर फडफडत खाली लोंबकळलं.

सुधाचे बाबा स्टूल घेऊन बाहेर आले. "हवेनं सुटलं वाटते. तू काहून उन्हात उभी आहेस बेटा? थांब, तुमच्या खिडकीलाही लावून देतो."

रविवारी त्यांनी खरंच लावून दिलं. मी सावलीत पुस्तक घेऊन बसले, तर पलीकडून त्यांचा आवाज आला. ते सुधाची उजळणी घेत होते आणि ती चुकली की दोघंही हसत होते. आमचे बाबा आत पेपर वाचत होते. मी कितवीत आहे, हे त्यांना सांगावं लागायचं.

छप्पर मिळूनही मी आधीपेक्षा जास्त जळत होते. कशावर, ते कळायला मात्र वर्षं गेली.