भाऊजी पोरं कामाला लावतात

अमरावतीपासून अकोल्यापर्यंत असं एकही दुकान, कारखाना किंवा दवाखाना नसेल, जिथे आमच्या भाऊजींनी "तुमच्याकडे एक पोरगं शिकायला ठेवता का?" असं विचारलेलं नाही. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. अमरावतीच्या एका कॉलेजात ते प्राध्यापक म्हणून लागले. पुढे शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींना उन्हाळ्यात प्रत्यक्ष कामाचं ट्रेनिंग मिळवून द्यायचं खातं त्यांच्याकडे आलं आणि त्यांचा मूळ विषय कोणता होता, हे घरात कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. खुर्चीवर बसून माणूस फक्त खुर्चीवर बसायला शिकतो, असं त्यांचं ठाम मत. मी अकोल्याला राहते, बाजारात जाताना यादी करते आणि यादीतलं घेऊन सरळ घरी येते. भाऊजी सोबत असले की यादीचं काही खरं नसतं. एकदा आम्ही कुकरची रिंग आणायला गेलो. रिंग राहिली, पण कुकर दुरुस्त करणाऱ्याकडे मेकॅनिकलचा एक मुलगा लागला. पुतणीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना मुलीचे काका कुठे म्हणून शोधाशोध झाली, तेव्हा हे मांडवामागे भट्टीजवळ आचाऱ्याला पटवत उभे होते, की हॉटेल मॅनेजमेंटची दोन पोरं तुझ्या हाताखाली घे, भांडीसुद्धा घासतील. अक्षता तशाच मुठीत. दाढ काढायला गेले तेव्हा तोंडात कापूस होता म्हणून बोलता येईना, तर डॉक्टरीणबाईंना खुणा करून विचारलं. बाईंना वाटलं, दुखतंय. त्यांनी आणखी एक इंजेक्शन दिलं.

सर्टिफिकेटवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. मुलं ट्रेनिंग संपवून आली, की भाऊजी कागद बाजूला ठेवून म्हणायचे, "हात दाखव." मग चष्मा कपाळावर सरकवून ज्योतिष्यासारखे तळवे पाहात बसायचे. एका मुलाने मोटार वाइंडिंगच्या वर्कशॉपचं सर्टिफिकेट लॅमिनेशन करून आणलं होतं. भाऊजींनी त्याचे हात उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, "सर्टिफिकेट भारी हाय बाप्पा. पन हे हात मोटारीचे नाईत, मोबाइलचे हायेत. जाय, आता खरं शिकून ये." पोरगा गेला आणि खरंच शिकून आला. नोकरीच्या मुलाखतीची तालीम ते घरीच घ्यायचे, तीही स्वयंपाकघराच्या दारात, बहीण आत मिक्सर लावून बसलेली असताना. तिने बंद करायला हात नेला की आतल्या बाजूला ओरडायचे, "चालू राहू दे! तिकडं काय याच्यासाठी मशिनी बंद ठेवनार हायेत?" पोरगा शेंगदाण्याच्या चटणीवर आवाज चढवून स्वतःचा परिचय द्यायचा. एकदा शेजारच्या काकू भांडण सोडवायला धावत आल्या. बहिणीचं म्हणणं एवढंच, की या माणसाने शेकड्यांनी पोरं कामाला लावली, पण घरात खिळा ठोकायचा असला की अजून त्यांच्याच एखाद्या विद्यार्थ्याची वाट पाहावी लागते.

भाऊजींची काम करायची एक रीत होती. ते कधीही मिलमध्ये किंवा ऑफिसात जाऊन परवानगी मागत नसत. रविवारी मालकाच्या घरी जायचे, पेढे घेऊन. "साळीबाई," ते मला समजावायचे, "मिलमंधी मालक भेटते. घरी मालकाची माय भेटते." या रीतीने एकदाच घोटाळा केला, आणि तेव्हा मी सोबत होते.

नांदगाव खंडेश्वरकडची एक मुलगी होती. घरची भाजीपाल्याची शेती, ही फूड टेक्नॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला. महिनाभराचं ट्रेनिंग झाल्याशिवाय पदवी हातात पडणार नव्हती. भाऊजींनी तिच्यासाठी अकोल्याची एक डाळ मिल हेरली आणि राहायची सोय माझ्याकडे लावून टाकली. वडील मात्र तयार नव्हते. परगाव, मिल, पुरुष माणसं. पदवी राहिली तर राहिली, असं ते म्हणाले होते. निदान एकदा डोळ्यांनी पाहा, म्हणून भाऊजींनी त्यांना ओढून आणलं. मुलीसोबत बाई असलेली बरी म्हणून मलाही निघायला लावलं. मी इस्त्रीची सुती साडी नेसले, मुलीचे कागद फाइलीत लावून घेतले आणि आम्ही चौघं जुन्या शहरात मालकांच्या दारात उभे राहिलो.

महिना मे, लग्नसराई. दारात खाली मान घातलेली मुलगी, खांद्यावर नवा दुपट्टा टाकलेला बाप, चष्मेवाले एक भारदस्त गृहस्थ, त्यांच्या हातात पेढे, आणि फाइल घेतलेली एक ठाकठीक बाई. त्या घरात लग्नाचा मुलगा होता, हे आम्हाला माहीत नव्हतं. बाहेरगावची मुलगी अकोल्यातल्या नातेवाइकांनी आणून दाखवणं आमच्याकडे चालतं, आणि मी तशी नातेवाईक अगदी शोभत होते. भाऊजींनी तोंड उघडायच्या आत आम्हाला सतरंजीवर बसवलं गेलं. आत धावपळ झाली. ओल्या केसांचा भांग पाडलेला एक तरुण शर्टाची बटणं लावत समोर येऊन बसला. पोहे आले. मालकांच्या आई मुलीला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाल्या, "पोरगी चांगली हाय. मामेकूळ कोनतं वो तुमचं?"

वडिलांच्या हातातली बशी तिथेच थांबली. त्यांनी ती खाली ठेवली, उठले आणि भाऊजींकडे पाहून म्हणाले, "सर, पोरीले कामाले आनलं का सोयरिकीले? चाल व, ऊठ. गाडी हाय आपली."

मुक्या माणसालाही बोलतं करणारे आमचे भाऊजी पोह्याचा घास तोंडात धरून नुसते बसून राहिले. मी फाइल उघडली, पण त्या घटकेला कुणाला कागद दाखवणार? मुलगी उठली नाही. खाली मान घालूनच म्हणाली, "आजी, मले मिल पाहाची हाय. तुरीचं शिकाचं हाय एक महिना. बाबा नाई म्हनून राहिले."

म्हाताऱ्या बाईंनी तिच्याकडे पाहिलं, ओल्या भांगाच्या नातवाकडे पाहिलं, आणि पदर तोंडाला लावून अशा हसल्या की हसता हसता खोकला आला. "अवं माय! आन म्या याले आंघोळ कराले लावली!" नातू उठून आत पळाला. मग त्या वडिलांकडे वळल्या. "बसा हो भाऊ. पोहे टाकून जाऊ नये. मिलमंधी बाया हायेत, माहा बी रोजचा फेरा असते. उद्या तुमी बी या. फाटकासमोर टपरी हाय, तिथं बसा दिवसभर, डोये उघडे ठेवून. संध्याकाळी नाई पटलं, तं घेऊन जाजा पोरीले. कोनी अडवनार नाई."

वडील खाली बसले. बशी उचलून त्यांनी पोहे संपवले.

बापलेक रात्री माझ्याकडे राहिले. सोमवारी सकाळी मी मुलीला मिलच्या फाटकात सोडलं आणि माझ्या कामांना गेले. संध्याकाळी आणायला गेले, तर टपरीच्या बाकावर वडील बसलेले आणि त्यांच्या शेजारी भाऊजी. कॉलेजातून रजा टाकून भाऊजी दिवसभर तिथेच बसून होते. टपरीवाल्याला त्यांनी एक पोरगं ठेवतोस का म्हणूनही विचारलं नव्हतं. मी खालच्या आवाजात म्हटलं, "भाऊजी, तुम्ही कशाला बसलात?" तर तितक्याच खालच्या आवाजात म्हणाले, "पोरीची ट्रेनिंग आतमंधी, बापाची बाहेर. त्याले एकटं कसं सोडाचं?"

फाटक उघडलं. बायांच्या घोळक्यात ती मुलगी बाहेर आली. केसांवर, भुवयांवर, पापण्यांवर तुरीच्या कोंड्याची पिवळी धूळ. समोर बाप दिसताच थबकली. वडील उठले, तिच्याजवळ गेले. मग खांद्यावरचा नवा दुपट्टा काढून त्यांनी तिचं कपाळ पुसलं आणि म्हणाले, "उद्यापासून ओढनी डोक्याले घट्ट बांधत जाय."

भाऊजी तेव्हा पाठ फिरवून मिलची पाटी वाचत होते. पाटीवर एवढं वाचण्यासारखं काही नव्हतं.

ते दोघं एकाच बसने परतले. खिडकीशी वडील, बाजूला भाऊजी. ती मुलगी महिनाभर माझ्याकडे राहिली, आणि आज एका मोठ्या कारखान्यात धान्य तपासायच्या कामावर आहे. भाऊजी मागच्या वर्षी निवृत्त झाले. आता मुलं मोबाइलवरच ट्रेनिंगची जागा निवडतात, कुणाच्या घरी जावं लागत नाही, पोहे खावे लागत नाहीत. काम सुटसुटीत झालं, असं मी भाऊजींना म्हटलं. ते म्हणाले, "चांगलंच झालं." मग रस्त्याकडे पाहत त्यांनी विचारलं, "पन पहिल्या दिवशी फाटकाबाहेर कोन बसते व आता?"