मोज्यात लपवलेली नखं

"आधी हा रंग काढू या," त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पायाच्या नखांना गडद मरून नेलपॉलिश मी मुद्दाम लावून गेले होते. नर्सने ते कापसाने पुसलं. दोन्ही अंगठ्यांची नखं उघडी पडली. पिवळी, जाड, कडेला भुसा पडणारी.

"ओनिकोमायकोसिस वाटतंय," त्या म्हणाल्या. म्हणजे नखाला झालेली बुरशी. खात्रीसाठी त्यांनी नखाचं कात्रण केओएच टेस्टला पाठवलं. त्यात कात्रण रसायनात भिजवून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. शुगरही तपासली, ती ठीक निघाली. टेस्टमध्ये मात्र बुरशी दिसली.

सुरतमधल्या डिंडोलीत मी लूमवरच्या, म्हणजे यंत्रमागावरच्या कामगारांसाठी मेस चालवते. मोरी, भांडी, ओली फरशी. पाय दिवसभर पाण्यात. स्वयंपाक करणारीच्या पायाला बुरशी आहे हे कळलं तर जेवायला कोण येईल, या भीतीने मी सुरतच्या उन्हाळ्यातही मोजे घालायचे.

तपासणीच्या काही महिने आधी माझ्या भावेशचं लग्न झालं. सून जागृती बारडोलीची. घरात आल्यावर ती पाया पडायला वाकली आणि मी पाय मागे ओढले. "राहू दे, राहू दे," म्हणाले. पाहुण्यांसमोर तिचे हात तसेच राहिले. पुढेही दोनतीनदा असंच झालं. मग तिने वाकणं सोडलं, माझ्याशी बोलणंही कामापुरतंच उरलं.

भावेशने एकदा विचारलं, "माय, तुले जागृती आवडनी नही का?"

मी कणिक मळत राहिले. नखाचं कसं सांगू?

डॉक्टरांनी नेल लॅकर दिलं होतं. म्हणजे नेलपॉलिशसारखं ब्रशने लावायचं औषध, नाव अमोरोल्फिन. आठवड्यातून एकदा नख फाईलने घासायचं, स्पिरिटने पुसायचं, मग औषध लावायचं. ती फाईल चांगल्या नखांना वापरायची नाही. "पायाचं नख सावकाश वाढतं, वर्षभर धीर धरा," त्या म्हणाल्या.

बाथरूमची कडी लावून मी हे करायचे. गुडघा दुमडत नसे, चष्मा घसरायचा, औषध नखापेक्षा कातडीलाच लागायचं. पुढच्या तपासणीत नखं होती तशीच.

"घरी मदतीला कोणी नाही?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

पण भावेशने सोबत पाठवलेली जागृती बाहेर बाकावर बसली होती. नर्स गुजरातीत म्हणाली, "बहार वहु छे ने!" बाहेर सून आहे की. डॉक्टरांनी तिला आत बोलावलं. तिने माझी नखं पाहिली. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले.

आम्ही रिक्षात बसलो. मग म्हणाली, "मम्मी, मला वाटायचं माझा हात लागलेला तुम्हाला चालत नाही."

मला तिच्याकडे मान वळवून बघता येईना. माझी लाज झाकण्यासाठी मी या मुलीला इतके महिने परकं ठेवलं होतं.

त्या रविवारी ती हातमोजे घालून गॅलरीत बसली. "द्या पाय." मी नाही म्हणाले. ती उठेना. शेवटी मी पाय पुढे केला.

आता नखाच्या मुळाशी गुलाबी, स्वच्छ पट्टी दिसते. अर्धं नख अजून पिवळंच आहे. ज्यांना असं झालं असेल त्यांनी माझ्यासारखं रंगाखाली दडवू नये, पाय कोरडे ठेवावेत आणि वेळेत दाखवावं. मला जागृती मिळाली, हे माझं नशीब.

गेल्या रविवारी औषध लावताना शेजारीण न विचारता आत आली. मी घाईने पायावर टॉवेल ओढला.

"मम्मी, हलू नका. ओलं आहे अजून," जागृती म्हणाली.

मी टॉवेल बाजूला केला. "नखाला बुरशी झालीय," मी शेजारणीला सांगितलं. "औषध चालू आहे."

ती खाली वाकली, नीट निरखून बघितलं आणि हळूच म्हणाली, "आमच्या यांचं पण असंच झालंय. कुठे दाखवलं तुम्ही?"