मोकळे नियम, पडून राहिलेल्या पेट्या

दिनांक ९ मार्च १९९२. अमळनेरच्या गुलाब बिऱ्हाडे यांच्या कथाखेळाची एकही पेटी आज जामनेरच्या बाजारात खपली नाही, अशी तक्रार नोंदवण्यात येत आहे.

या खेळात एकजण गोष्ट सांगतो आणि बाकीचे तिच्यातली पात्रे होऊन फासे टाकतात. खेळ पसरावा म्हणून गुलाबरावांनी नियम कोणालाही उतरवून घेऊ दिले. खेळ थेट दीपनगरपर्यंत पसरला. पण लोक पेटीतला नकाशा आणि फासे न घेता, फरशीवर खडूने नकाशा काढून फोडलेल्या चिंचोक्यांवरच खेळू लागले.

“भाऊ, खेळ भारी शे,” बाजाराला आलेल्या पार्वताबाई हसत म्हणाल्या, “पन नियम बठ्ठासले पाठ शेतस. मंग पेटी कसाले लेवानी?”

नियम सगळ्यांना पाठ आहेत, मग पेटी कशाला घ्यायची, हे कौतुक गुलाबरावांच्या जिव्हारी लागले. पुढची गोष्ट लिहून तयार होती, परंतु या पेट्या खपल्याखेरीज ती छापणे अशक्य होते.

वाचकहो, हा खेळ खेळत असाल, तर एक पेटी विकत घ्या.