तंगुसाची गिटार

पॅट्रिशियामावशीकडे मासळीचा भाव करायचा नसतो, हे मला भाईंदरजवळच्या मोरव्यात राहायला आल्यावर पहिल्याच रविवारी कळलं. मी सुरमई थोडी कमी करून मागितली, तर तिने सुरी खाली ठेवली आणि मला नीट न्याहाळलं. "बाय, तुझ्या आफिसात पगार देताना साहेब घासाघीस करतो का?"

"करतो," मी म्हटलं.

"मग त्याला सोडून मना कशाला धरलीस?"

त्या दिवसापासून मी, वैजयंता, तिची कायमची गिऱ्हाईक झाले. पुढे कधीतरी मैत्रीणही झाले, पण ते दोघींनीही बोलून दाखवलं नाही. मी मूळची नांदेडकडची. आमच्याकडे वाद्य म्हणजे जयंतीची ढोलकी. गिटारमधलं मला ओ की ठो कळत नाही. तरीही मीरा रोडच्या एका दुकानात गिटारवरून भांडायला मी कंबर कसून उभी राहिले, ते या बाईपायी.

मावशी जवळच्याच उत्तनच्या कोळीवाड्यातली. साठी ओलांडलेली, आडव्या बांध्याची, अंगात फुलाफुलांचा फ्रॉक आणि तोंडात तिखट. सकाळी भाईंदर वेस्टच्या बाजारात मासळी विकायची आणि रविवारी संध्याकाळी चर्चमध्ये क्वायरमध्ये गिटार वाजवायची. गाणाऱ्यांच्या मागे, खांबाला टेकून, स्टुलावर. ती जागा तिच्या वडिलांची होती. त्यांचं नाव सेबॅस्टियन. दिवसा होडीवर आणि रात्री लग्नांत गिटार, असा त्यांचा जन्म गेला. त्यांची ती स्पॅनिश गिटारच मावशी वाजवत होती.

या गिटारला नायलॉनच्या तारा लागतात. पण मावशीच्या घरी तार हा शब्दच नाही. जाळं आणि गळ यांचा जो पारदर्शक नायलॉनचा दोरा असतो, त्याला कोळी लोक तंगूस म्हणतात. सेबॅस्टियन बारीक तीन तारांच्या जागी सरळ तंगूस लावत. जाड तीन तेवढ्या शहरातून आणत, कारण त्यांच्यावर धातूचा पीळ असतो आणि तो काही जाळ्याच्या गुंडीतून निघत नाही. मावशीने तेच पुढे चालवलं. घरात पोतंभर तंगूस असताना दुकानात जाऊन तंगूस विकत घेणारा माणूस तिच्या मते एक तर वेडा किंवा बांद्र्याचा.

स्टीलच्या तारांचा तिला राग होता, आणि त्याला कारण होतं. कोलंबीचे काटे, शिंगाळ्याचे काटे, बर्फ आणि सुरी. तिची बोटं कधीच धड नसत. त्यावर स्टील दाबायचं म्हणजे जखमेवर करवत. नायलॉनवर ती तासभर वाजवायची आणि बोटं तक्रार करायची नाहीत.

मग क्वायरची सूत्रं मेल्रॉयकडे आली. मेल्रॉय म्हणजे मावशीच्या चुलतभावाचा मुलगा. पंचविशीतला, कानात बाळी, मनाने वाईट नाही, पण घाई फार. त्याने कीबोर्ड आणला. त्या कीबोर्डमध्ये ड्रम होते, व्हायोलिनं होती, आणि मावशीच्या मते एक गिटारही होती, जिला बोटं नव्हती. या सगळ्या गदारोळात स्टुलावरची खरी गिटार कोणाला ऐकू येणार? समोर माइक ठेवला तर त्यात शेजारच्या बाईचा खोकला यायचा.

चर्चच्या वार्षिक सणाच्या, म्हणजे फेस्ताच्या, आधीच्या तालमीत मेल्रॉय सगळ्यांसमोर म्हणाला, "आंटी, तुमचा काय आवाजच येत न्हाय. उगाच वजन उचलून आणता. खाली बाकावर बसा ना आरामात. न्हायतर साउंडच्या मिक्सरला लावता येईल अशी गिटार आणा."

आरामात! मला हा शब्द ऐकून आजही तिडीक येते. ज्या बाईने अख्खा जन्म डोक्यावर टोपली वाहिली, तिला वाद्याच्या वजनाची काळजी दाखवायची. माणसाला जागेवरून उठवायचं असलं की आधी त्याच्या आरामाची आठवण होते.

मावशी तेव्हा फक्त एवढंच म्हणाली, "फेस्ताला मी तिथंच बसणार. आवाज कसा येत न्हाय ते बगते."

तिची मुलगी शेरॉन नोकरी करते. तिने ऑनलाइन एक पिकप मागवला. गिटारच्या पोटाला जे गोल भोक असतं, त्यात बसवायची, तारांचा आवाज स्पीकरला पोचवणारी पट्टी. बसवली, वायर लावली, आणि काही नाही. पूर्ण शांतता. नंतर कळलं की त्या पट्टीत लोहचुंबक असतं आणि ते फक्त पोलादाची तार ओळखतं. तंगूस किंवा जाड तारांवरचा तांब्याचा पीळ त्याच्यासमोरून गेला काय आणि न गेला काय.

त्यावर मेल्रॉयने उपाय काढला. उपकार म्हणून काढला, हे मी कबूल करते. तालमीनंतर गिटार चर्चमध्येच राहिली होती, तर या शहाण्याने तिला स्टीलच्या तारा चढवल्या आणि घट्ट पिळून सुरात लावल्या. नायलॉनच्या गिटारचं लाकूड नाजूक असतं, स्टीलचा ताण त्याला सोसत नाही. पुढच्या तालमीला मावशीने पेटी उघडली, तर तारा जिथे बांधतात ती लाकडी पट्टी पोटाचा तुकडा घेऊन उखडून आली होती.

मावशी रडली नाही. "पप्पाच्या गिटारला तू घोल मासलीसारखी चिरलीस रे," एवढं म्हणाली आणि पेटी बंद केली. मेल्रॉयने दहा वेळा सॉरी म्हटलं. पण अकराव्या वेळी तो पुन्हा म्हणालाच, "आता कीबोर्डच बरा, आंटी."

दुसऱ्या दिवशी बाजारात तिने माझे बोंबील बांधता बांधता विचारलं, "संध्याकाली मोकली हायस? गिटार घ्यायची हाय. तू फक्त उभी राहा. दोन बायका असल्या की दुकानदार नीट बोलतो."

त्या बाबतीत तिचा अंदाज साफ चुकला.

मीरा रोडचं ते दुकान चकचकीत होतं. भिंतभर गिटारी टांगलेल्या, थंडगार एसी, आणि काउंटरमागे मालक बंटी, मोबाइलमध्ये डोकं. मावशी अंघोळ करून, पावडर लावून, चांगला फ्रॉक घालून आली होती. तिने आत शिरताच मोठ्या आवाजात मागणी केली, "तंगुसवाली गिटार दिखाओ. प्लगवाली."

"कौनसी?"

"तंगुस, तंगुस! मच्छी पकडने का."

बंटी हसला. मग मागच्या गोदामातून आणखी एक सेल्समन बाहेर आला आणि तोही हसला. मी मधे पडून नायलॉन, नायलॉन म्हटलं, तेव्हा कुठे बंटीला उजेड पडला. "अच्छा, क्लासिकल! आंटी, वो तो बच्चे लोग सीखने को लेते हैं. आपके लिए युकुलेले दिखाऊँ? छोटा है, लेडीज़ को हलका पड़ता है."

पुन्हा वजन! या बाईला हलकं काहीतरी द्यायचा जगाने चंगच बांधला होता.

"युकुलेले तेरे बच्चे को दे," मावशी म्हणाली आणि समोरची एक गिटार काढायला तिने हात पुढे केला.

"आंटी, छूना मत प्लीज़." बंटी चटकन उठला. नाकाशी बोट नेलं नाही, पण नेल्यासारखंच केलं. "पॉलिश है ना. और हाथ में थोड़ा स्मेल..."

माझ्या डोक्यात सणक गेली. कुणी स्पर्श केला की वस्तू बाटते, ही गोष्ट माझ्या घराण्याला कुणी नव्याने शिकवायची गरज नाही. मी तोंड उघडलं, पण मावशीने माझं मनगट धरलं. "तू गप. भांडण माझा हाय."

मग ती बंटीकडे वळली. आवाज चढवला नाही. "हाथ धोया है. साबुन से, लिंबू से. वास नहीं जाता. चालीस साल का है, एक दिन में कैसे जाएगा? तेरा पॉलिश इतना कच्चा है क्या, कि मेरे हाथ से जाएगा? कच्चा है तो बोल, मैं दूसरी दुकान में जाती हूँ."

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. ती वळून बघू लागली. बंटीचा चेहरा पडला, आणि त्याने स्वतःच्या हाताने गिटार काढून तिच्या मांडीवर ठेवली.

पुढचा सगळा वेळ ती बसली होती आणि तो उभा होता.

आमचं बजेट ऐकून त्याने वरच्या रांगेकडे बघणंच सोडलं आणि खालच्या दोन गिटारी काढल्या. एक काळी, चमकदार, पातळ पोटाची, बाजूला हिरवा दिवा लागणारा डबा, सूर जुळला की तो सांगणार. दुसरी तपकिरी, जाड पोटाची, अगदी साधी, तिच्या डब्यावर फक्त दोन-तीन बटणं. दोन्हींत पिकप आतून, तारांच्या टेकूखाली बसवलेला होता. त्याला चुंबक लागत नाही, नायलॉन चालतं. बंटीचं मन काळीवर होतं. "आंटी, लुक देखो. लाइट देखो."

"दिवा कशाला? मना कान हायत," मावशी मला म्हणाली. तिने काळीची तार अंगठ्याने वर ओढली, जाळ्याची गाठ ओढून बघतात तशी. बंटीने डोळे मिटून घेतले. मग तिने तीन-चार तारा एकदम दाबून एक कॉर्ड धरला आणि मान हलवली. काळीची दांडी अरुंद होती. मावशीची जाडजूड बोटं एका तारेवर ठेवली की शेजारच्या तारेला धडकत होती. तपकिरीची दांडी रुंद होती. तिथे बोटं ऐसपैस बसली.

"आता वायर काढ," ती म्हणाली. "वैजू, तू वाजव. नुसती हात फिरव. मी रस्त्यावरून ऐकते."

आणि ती खरोखरच दुकानाबाहेर जाऊन रिक्षांच्या रांगेपाशी उभी राहिली. मी, जिने आयुष्यात थाळीही नीट वाजवली नाही, एसीत बसून दरवाजा उघडा ठेवून गिटार खाजवत होते आणि बंटी कपाळाला हात लावून एसीची थंडी बाहेर जाताना बघत होता. काळी वाजवली तर मावशीने हात हलवला, काही नाही. तपकिरी वाजवली तर तिने रिक्षावाल्यालाच विचारलं, ऐकू आला का? त्याने मान डोलावली.

मग वायर लावून पाहिलं. इथे मात्र काळी सरस निघाली. तपकिरीचा आवाज स्पीकरमधून पत्र्यासारखा यायला लागला. बंटीला जोर आला. "देखा आंटी? और प्लग के बिना बजाना किसको है आजकल?"

"मना!" मावशी उसळली. लग्नाच्या आदल्या दिवशी त्यांच्याकडे उंबराचं पाणी आणतात. अख्खी वरात वाजतगाजत विहिरीवर जाते. "तिथं विहिरीवर प्लग कुठं लावू? उंबराच्या झाडात?"

मला हसू आवरेना. बंटीला मराठी पुरतं कळत नव्हतं, पण झाड तेवढं कळलं असावं. तो निमूटपणे तपकिरीची बटणं फिरवत बसला. तीक्ष्णपणा कमी केला, खर्ज थोडा वाढवला, आणि पत्रा बराचसा गेला. सगळा गेला असं मी म्हणणार नाही. मावशीनेही म्हटलं नाही. तिने डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाली, "हीच. पप्पाची न्हाय ती. पन हीच."

बंटीने कव्हर फुकट दिलं. उपकार नव्हता तो, आम्ही लवकर जावं म्हणून होता.

फेस्ताला मी उत्तनला गेले. मी विहारात जाणारी बाई, चर्चमध्ये कधी उठायचं आणि कधी बसायचं हेही मला माहीत नाही. शेरॉनच्या शेजारी मागे उभी राहिले. मावशी तिच्या जागी, स्टुलावर, खांबाला टेकून. मेल्रॉयने स्वतः वायर लावून दिली होती.

पहिलं गाणं सुरू झालं आणि कीबोर्डच्या मधून गिटार आली. स्वच्छ, ठसठशीत. मला भरून आलं, खोटं कशाला बोलू. शेरॉनने माझा हात दाबला.

दुसऱ्या गाण्यात मावशी चुकली. साधीसुधी नाही, चांगली सणसणीत चुकली. भलताच कॉर्ड, आणि तोही स्पीकरमधून चर्चच्या दोन्ही भिंतींवर आपटून परत आला. बाकांवरच्या माना वळल्या. कुणीतरी पोर फिसकन हसलं. मेल्रॉयने कीबोर्डवरून एक हात उचलला आणि तळवा खाली दाबत तिला खूण केली, आवाज कमी करा.

मावशीने त्याच्याकडे पाहिलं. माशाची पाटी पुढे ओढून भाव पाडून मागणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघते, अगदी तशी. मग गिटारच्या बाजूचं बटण अंगठ्याने फिरवलं, आणि आवाज वाढला. पुढचं सबंध कडवं तिने तसंच वाजवलं. या वेळी बरोबर.

मिस्साची प्रार्थना संपल्यावर अंगणात मेल्रॉय तिला गाठायला आला. चेहऱ्यावर काळजी, आवाज दबका. "आंटी, दुसऱ्या गाण्यात चुकलात तुम्ही. सगल्या गावाला ऐकू गेला."

मावशी गिटार कव्हरमध्ये घालत होती. तिने चेन अर्ध्यावर थांबवली.

"गेला ना? इतकी वरसं बरोबर वाजवत व्हती, तवा एकानं तरी मान वलवून बगलेली का?"