तक्त्यावरची जागा

चाळीसगावला स्टेशनच्या पलीकडे, मालधक्क्याच्या मागच्या गल्लीत मिलकाबाई तळकर एकट्या राहतात. वय सत्तरीच्या पुढे. गल्लीतले काही लोक त्यांना ख्रिश्चन समजतात, काही पारशी. शनिवारी त्या गॅस पेटवत नाहीत, म्हणून शेजारच्या बाईने बरीच वर्षं असं धरलं होतं की त्यांचा मारुतीचा उपास असतो. सुरुवातीला मिलकाबाई समजावून सांगायच्या, "आम्ही बेने इस्राएल. ज्यू. कोकणातले. शनिवार आमचा विसाव्याचा दिवस." ऐकणारा मान हलवायचा आणि डिसेंबर आला की नाताळच्या शुभेच्छा द्यायचा. पुढे त्यांनी सांगणं सोडलं आणि शुभेच्छा घेऊ लागल्या.

त्यांचे यजमान बिन्यामिन तळकर रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते. भुसावळला असताना त्यांच्या समाजातली आणखी काही कुटुंबं रेल्वेत होती. खिरीच्या सणाला, वर्षातून एकदा दारं लावून करायच्या दारफळणीच्या उपासाला सगळे एकाच क्वार्टरमध्ये जमायचे. एकेक करून ती सगळी इस्राएलला गेली. बदली होऊन तळकर चाळीसगावला आले तेव्हा आपलं म्हणावं असं कुणी उरलं नव्हतं. मुलगी हदासा लग्न करून तिकडेच गेली. तळकर वारले, तेव्हा मेलेल्या माणसामागे प्रार्थना म्हणायला जे दहा पुरुष लागतात ते जमले नाहीत. गावातल्या ख्रिस्ती दफनभूमीच्या कडेला त्यांना जागा मिळाली. प्रार्थना मिलकाबाईंनी मनातल्या मनात म्हटली.

नंतर हदासाने त्यांना अश्कलोनला नेलं. एक हिवाळा त्या तिथे राहिल्या. मुलगी-जावई दिवसभर कामावर, नातवंडं शाळेत, आणि शाळेतून आली की आपसात हिब्रू. खाली बाकावर बसणाऱ्या म्हाताऱ्या रशियन बोलायच्या. "तिकडे देव आपला होता, पण बोलायला कुणी नव्हतं," असं त्या सांगतात. त्या परत आल्या. इथेही बोलायला कुणी नव्हतं, पण निदान भाजीवालीशी हुज्जत घालता यायची.

अशी वर्षं गेली, आणि एका दुपारी वच्छला आली.

ती खरं म्हणजे शेजारच्या आजारी बाईसाठी प्रार्थना करायला आली होती. चाळीसगावात एक लहान ख्रिस्ती मंडळी आहे, रविवारी भाड्याच्या हॉलमध्ये भरते. वच्छलाचा नवरा रुपचंद त्या मंडळीचा पास्टर. दोघंही शिंदखेडा तालुक्यातल्या शेतकरी घरांतली, लग्नानंतर ख्रिस्ती झालेली. जाता जाता वच्छलाची नजर मिलकाबाईंच्या दाराच्या चौकटीवर गेली. तिथे एक लहानशी पितळी नळी, आत देवाच्या वचनाची गुंडाळी असलेली, तिरकी ठोकलेली होती.

"मावशी, ही नळी मी फोटोत बघितली आहे," ती म्हणाली. "तुम्ही यहुदी आहात का?"

मिलकाबाई दारात तशाच उभ्या राहिल्या. या गावात त्यांना हे कुणी कधी विचारलं नव्हतं.

"हो," त्या म्हणाल्या.

वच्छलाने चपला काढल्या, आत आली आणि त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "आम्ही रोज तुमच्या लोकांसाठी प्रार्थना करतो. आणि तुम्ही इथे, दोन गल्ल्या सोडून."

त्या दिवसापासून मिलकाबाईंच्या घरी माणसं येऊ लागली. वच्छला दर शुक्रवारी यायची. पहिल्या खेपेला तिने कोंबडीचा रस्सा आणला, तो मिलकाबाईंनी हात जोडून परत केला, आपल्याकडे खाण्याचे नियम कसे असतात ते सांगितलं. त्यानंतर ती वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी आणू लागली. रुपचंद यायचा तेव्हा आपल्या शास्त्राची, म्हणजे बायबलची, पानं उघडून बसायचा आणि जुन्या संदेष्ट्यांबद्दल विचारायचा. मिलकाबाईंना त्यातलं फारसं ठाऊक नव्हतं. त्यांना ठाऊक होती ती आजीने पाठ करून घेतलेली मराठी स्तोत्रं. ती बायबलातही असल्याने रुपचंदलाही येत होती, चाल मात्र वेगळी. तिघं मिळून म्हणायची.

रविवारी त्यांना सभेला नेलं, तर बायका आपली लेकरं पुढे करू लागल्या. "आजी, डोक्यावर हात ठेवा." मिलकाबाई संकोचून गेल्या. "अहो, मी पार्सल क्लार्कची बायको," त्या म्हणाल्या. पण लेकरांची डोकी समोर आलीच, आणि त्यांनी हात ठेवला. घरी आल्यावर बराच वेळ त्या तळव्याकडे बघत बसल्या होत्या. इतक्या माणसांचा स्पर्श त्यांना कित्येक वर्षांत झाला नव्हता.

मग तिकडे युद्ध पेटलं. अश्कलोनवर रॉकेटं पडत होती. हदासाच्या घरात एक जाड भिंतींची खोली होती, भोंगा वाजला की सगळ्यांनी तिच्यात जायचं. रोज संध्याकाळी तिचा निरोप यायचा, "आई, आम्ही ठीक आहोत." तो येईपर्यंत मिलकाबाई फोन मांडीवर घेऊन बसायच्या. वच्छला त्या दिवसांत रोज यायची. गुडघे टेकून हदासाचं नाव घेऊन प्रार्थना करायची, आणि करताना रडायची. ते रडणं खोटं नव्हतं, हे मिलकाबाई आजही सांगतात.

युद्ध चालू असतानाच, त्या हिवाळ्यात धुळ्याला आसपासच्या मंडळ्यांचं संमेलन होतं. रुपचंदने जीप केली आणि मिलकाबाईंना पुढच्या सीटवर बसवून नेलं. मंडपातही त्यांची खुर्ची पहिल्या रांगेत. व्यासपीठावर एक लांबलचक कापडी तक्ता टांगला होता. डावीकडे जगाची उत्पत्ती, मधे क्रूस, उजवीकडे शेवटचे दिवस. बाहेरून आलेला वक्ता हातात काठी घेऊन एकेक चित्र समजावत होता.

यहुदी लोक निळ्या रंगात होते. ते विमानातून उतरत होते. "जगभर पांगलेले देवाचे लोक आपल्या देशात परत आले," वक्ता म्हणाला, "ही शेवट जवळ आल्याची खूण." पुढे पांढऱ्या कपड्यांतली माणसं ढगांत वर जात होती. ती मंडळी, म्हणजे ख्रिस्तावर विश्वास ठेवणारे, संकटाआधीच उचलले जाणार. त्यानंतर एक रुंद लाल पट्टा होता, महासंकटाचा. निळी माणसं त्या पट्ट्यात उभी होती. पट्ट्याच्या पलीकडे ती फार थोडी दिसत होती, आणि गुडघे टेकून होती.

"दोन भाग नाश पावतील," वक्ता सांगत होता. "तिसरा भाग अग्नीतून शुद्ध होऊन निघेल. ज्याला नाकारलं तोच आपला मसीहा, हे तेव्हा त्यांना कळेल. मग प्रभू येरुशलेमातून राज्य करील." तो त्या लोकांबद्दल वाईट काही बोलला नाही. उलट, त्यांच्यावर हात उचलेल त्याचा न्याय होईल, असं त्याने दोनदा बजावलं. मग त्याने त्या आठवड्यातल्या युद्धाच्या बातम्या सांगितल्या, आणि मंडपभर हालेलूया झाला.

मिलकाबाईंनी पदराखाली फोन घट्ट धरला. आज अजून निरोप आला नव्हता.

शेवटी वक्त्याने त्यांना उभं राहायला सांगितलं. "देवाच्या निवडलेल्या लोकांपैकी एक माता आज आपल्यात आहे." टाळ्या वाजल्या. त्या हात जोडून उभ्या राहिल्या आणि लगेच खाली बसल्या.

जेवणाच्या पंगतीत त्यांनी शेजारी बसलेल्या वच्छलाला विचारलं, "ते दोन भाग म्हणाले. माझी हदासा कोणत्या भागात?"

वच्छलाचा हात खिचडीत थांबला. "असं नाही मावशी. ते सगळं पुढचं आहे."

"पुढचं म्हणजे, तिची पोरं आहेतच की तिथे."

वच्छला त्यांच्यासाठी पाणी आणायला उठली. परत येताना जीपमध्ये सगळे गाणी म्हणत होते. गावात शिरेपर्यंत मिलकाबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. हदासाचा निरोप घरी पोचल्यावर आला.

काही दिवसांनी रुपचंद एकटाच आला. आनंदात होता. यहुदी लोकांना त्यांच्या देशात पोचवायला मदत करणारी परदेशातली एक संस्था त्याला त्या संमेलनात कळली होती. तिकिटापासून सगळं ते बघतात. "मावशी, तुम्ही इथे एकट्या. तिकडे मुलगी आहे. आणि वचनही पूर्ण होतं."

"कसलं वचन?"

"की सगळे परत जातील. एकही मागे राहणार नाही."

मिलकाबाईंनी चहाचं आधण उतरवलं. "तिकडे आत्ता रॉकेटं पडतायत, पास्टर."

"म्हणूनच तर वेळ थोडा आहे."

त्या त्याच्या समोर येऊन बसल्या. "मला एक सांगा. ते संकट येईल तेव्हा तुम्ही कुठे असाल?"

"आम्ही आधीच उचलले गेलेले असू."

"वच्छलाही?"

"हो."

"आणि मी?"

रुपचंद खोटं बोलणारा माणूस नव्हता. "तुम्ही आजच प्रभूला स्वीकारलंत, तर तुम्हीही आमच्याबरोबर."

"म्हणजे मी मिलका तळकर राहिले नाही तर."

"तसं नाही मावशी. मी तुमच्या भल्यासाठीच बोलतोय."

"ते मला दिसतंय," त्या म्हणाल्या. "म्हणून तर तुमचा राग येत नाही. पण मला जायचं असेल तर मी माझ्या मुलीसाठी जाईन. तुमच्या तक्त्यातली जागा भरायला जाणार नाही. आणि हे बोलायला पुन्हा येऊ नका."

त्याने चहा घेतला, कप उचलून मोरीत ठेवला आणि गेला.

तो पुन्हा आला नाही. रविवारचं बोलावणं थांबलं. लेकरांच्या आया रस्त्यात भेटल्या तर नमस्कार करायच्या, पण घाईत असायच्या. मिलकाबाई मग आपल्या जुन्या दिवसांत परत गेल्या, फक्त आता ते दिवस आधीपेक्षा लांब वाटत होते. आधी माणसांची सवय नव्हती. आता शुक्रवारी दुपारी जिन्यावर पाऊल वाजलं की कान तिकडे जायचे, आणि पाऊल वरच्या मजल्यावर निघून जायचं.

उन्हाळा लागता लागता वच्छला आली. हातात डबा नव्हता, शास्त्रही नव्हतं. आल्या आल्या जमिनीवर बसली.

"तुम्ही त्या दिवशी पंगतीत विचारलंत, ते माझ्या डोक्यातून जात नाही," ती म्हणाली. "माझी आई अजून तिच्याच देवांना मानते. कुलदैवत, ग्रामदैवत, सगळं. म्हणजे मी वर गेले तर तीही खालीच राहणार. इतकी वर्षं मी ते मनात येऊच दिलं नाही. तिच्याकडे गेले की जेवते, वेणी घालून घेते, परत येते."

"मग आता?"

"आता वेणी घालून घेताना ते मनात येतं."

मिलकाबाईंनी तिच्या पाठीवर हात फिरवला. देवाधर्माचं पुढे काहीच बोलणं झालं नाही. दोघींनी मिळून कैऱ्या चिरल्या. निघताना वच्छलाने सांगितलं की रुपचंदला दोंडाईच्याची मंडळी दिली आहे, महिनाअखेर घर हलवायचं आहे.

ती गेल्यावर पहिले काही महिने फोन यायचा. मग कमी झाला. दिवाळीनंतर एकदा मिलकाबाईंनी स्वतः लावला, तेव्हा वच्छला म्हणाली, "आई माझ्याकडे आली आहे राहायला. तिला आता दिसत नाही फारसं." आणि शेवटी, "या ना मावशी."

लोक बोलायचं म्हणून बोलतात, हे मिलकाबाईंना कळत होतं. तरी त्या गेल्या. सकाळच्या एसटीने धुळं, तिथून दोंडाईच्याची गाडी. गुडघे धरले होते, वाटेत कुणाशी बोलणं झालं नाही. पोचल्या तेव्हा रुपचंद एका खेड्यात सभेला गेला होता. वच्छला दारात आली आणि त्यांना बघून आधी घाबरली, काही झालं की काय म्हणून. मग पाणी आणायला आत पळाली.

ओसरीवर खाटेवर तिची आई बसली होती, झुंबरबाई. तिने चाहुलीच्या दिशेने तोंड केलं.

"कोन शे वं?"

"मी मिलका. चाळीसगावहून आले."

"बस माय." झुंबरबाईने खाट चाचपून जागा करून दिली. मिलकाबाई टेकल्यावर तिने त्यांचा हात शोधला, बांगड्यांवरून बोटं फिरवली. "तुन्हं कोन शे तठे?"

"कुणी नाही. मुलगी लांब आहे, समुद्रापलीकडे. आमचे सगळे तिकडेच गेले."

"बठ्ठा गयात?"

"हो, सगळे."

"आनि तू का बरं नही गयी?"

हा प्रश्न त्यांना हदासाने विचारला होता, रुपचंदने विचारला होता, आणि दोघांनाही त्यांनी काही ना काही उत्तर दिलं होतं. झुंबरबाईला त्या म्हणाल्या, "नवरा इथे पुरलेला आहे. आणि तिकडे गेले होते, तिथेही अशीच बसून असायचे."

झुंबरबाईने मान हलवली, जसं काही तिला यात न कळण्यासारखं काहीच नव्हतं. आत वच्छला भाकरी थापत होती, तिचा आवाज येत होता. दोघी म्हाताऱ्या खाटेवर बसून राहिल्या. ऊन ओसरीवर चढत आलं तशी झुंबरबाईने विचारलं, सावली कोणत्या बाजूला आहे, आणि मिलकाबाईंनी तिला हाताला धरून तिकडे सरकवलं.

जेवण झाल्यावर परतीची गाडी होती. वच्छला स्टँडपर्यंत आली. रुपचंद भेटला असता तर बरं झालं असतं, असं दोघीही म्हणाल्या. गाडी लागल्यावर वच्छला खिडकीखाली उभी राहून म्हणाली, "मी हदासासाठी अजून प्रार्थना करते. पहिल्यासारखी नाही. फक्त तिचं नाव घेते."

"घेत जा," मिलकाबाई म्हणाल्या.

गाडी धुळ्याच्या रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला होता, वेचणाऱ्या बायका ओळीने वाकलेल्या. शेजारची सीट रिकामीच होती. कंडक्टरने विचारलं, "आजी, एकट्याच का?" त्यांनी हो म्हटलं आणि चाळीसगावचं तिकीट धुळ्याला वेगळं काढावं लागेल का, ते विचारलं.